वेदगंगेकाठची एक रात्र: ऊस-तंबाखूच्या शेतकऱ्याला आलेल्या हार्ट अटॅकचं प्रकरण

कर्नाटकातल्या निपाणी तालुक्यात, महाराष्ट्राच्या सीमेलगत, वेदगंगेच्या काठावरच्या एका मोठ्या गावात माझा दवाखाना आहे. हे प्रकरण तिथल्याच एका शेतकऱ्याचं. त्यांना इथं तात्या म्हणतो. ओळख पटू नये म्हणून नाती आणि काही तपशील बदलले आहेत. वेळा मात्र जशाच्या तशा आहेत. तात्यांच्या मुलाच्या फोनमधल्या कॉलच्या नोंदी, ईसीजीची पट्टी आणि दवाखान्याचे कागद समोर ठेवून त्या दोन दिवसांनी उतरवून काढल्या. तात्यांनी आणि घरच्यांनी लिहायला परवानगी दिली, ती एका अटीवर: "आमचं चुकलं तेबी लिवा, तुमचं चुकलं तेबी लिवा."

पार्श्वभूमी

तात्यांचं वय ५२. नदीकडेला दोन एकर ऊस, वर माळाला एक एकर तंबाखू, गोठ्यात दोन म्हशी. पहाटे पाचला धार, मग डेअरीला दूध, मग शेत. उंची साडेपाच फूट, वजन ६४ किलो, दंड पिळदार. या माणसाला बघून कुणाच्याही मनात हृदयविकार येणार नाही. माझ्याही आला नव्हता. आमच्याकडं एक समज घट्ट बसला आहे की हार्ट अटॅक हा बेळगाव-कोल्हापूरच्या बसून काम करणाऱ्यांचा रोग, राबणाऱ्याला तो होत नाही.

आता तात्यांची दुसरी बाजू बघा. पंधराव्या वर्षापासून तंबाखू. आधी विडी, दिवसाला एक कट्टा तरी. वयाच्या चाळिशीत खोकला लागला म्हणून विडी सोडली आणि तंबाखू-चुन्यावर आले. डोळा उघडला की तोंड धुवायच्या आधी पहिला बार, मग दिवसभरात आठ-दहा. विडी सोडली म्हणजे व्यसनच सुटलं, असं ते मनापासून मानत होते. ५२ देशांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट अभ्यासाच्या माहितीवरून पुढं असं दिसलं की विडीनं हार्ट अटॅकचा धोका जवळपास तिप्पट होतो, आणि नुसती तंबाखू चघळली तरी दुपटीहून जास्त. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक बाकीच्या जगापेक्षा काही वर्षं आधी येतो, सरासरी पन्नाशीच्या आसपास. तात्या नेमके त्याच वयात होते.

शिवाय वडील ५३ व्या वर्षी शेतातच गेले होते. "पाटाला पाणी लावताना छातीत कळ आली आणि बसले ते उठलेच नाहीत," एवढंच घरात सांगितलं जायचं. बाप किंवा भाऊ पंचावन्नच्या आत हृदयविकारानं गेला असेल तर ती मुलासाठी धोक्याची खूण असते. दवाखान्याच्या केसपेपरावर मी ते कधी विचारलंच नव्हतं.

जेवणात ज्वारीची भाकरी, भात, आमटी, वर ठेचा नाहीतर खारातलं लोणचं, रविवारी मटण. चहा सहा-सात वेळा, गोडमिट्ट. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे सपाट भरलेला एक छोटा चमचा. तात्यांच्या ताटात तेवढं मीठ दुपारपर्यंतच पोटात जात असणार. कडक उन्हात घाम गाळणाऱ्याला मीठ लागतंच, हे लोक मला ऐकवतात आणि त्यात थोडं तथ्यही आहे. पण बीपी वाढलेल्या माणसाला ते कारण देऊन चालत नाही.

हातातून निसटलेल्या तीन खुणा

पहिली खूण तीन वर्षांपूर्वीची. उसाच्या हंगामाआधी गावात एक आरोग्य शिबिर झालं. तात्यांचं बीपी १५८/९८ भरलं. चिठ्ठीवर "जवळच्या डॉक्टरांना दाखवा" असं लिहून दिलं. ती चिठ्ठी मी नंतर डोळ्यांनी पाहिली. प्लॅस्टिकच्या एका पिशवीत ऊसबिलाच्या पावत्या, सोसायटीचं पासबुक, रेशनकार्ड आणि त्या सगळ्यांच्या मध्ये चार घड्या घातलेली ही चिठ्ठी. तात्यांनी ती टाकून दिली नव्हती, कागदपत्र म्हणून जपून ठेवली होती. ती दाखवायची असते, हे त्यांना कुणी समजावलं नव्हतं.

दुसरी खूण माझ्या टेबलावर आली होती. शिबिरानंतर काही आठवड्यांनी तात्या कंबर धरली म्हणून आले. बीपी मोजलं, १६०/१००. एका मोजणीवर निदान करू नये हे बरोबर, पण शिबिराची मोजणी धरली असती तर ती दुसरी होती. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मी डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन दिलं, त्याच्याच पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, बीपीसाठी अम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम महिन्याभराचं लिहिलं आणि "महिन्यानं या" म्हणालो.

तात्या महिन्यानं आले नाहीत. वीस गोळ्या खाल्ल्या, डोकं दुखायचं थांबलं, गोळ्या थांबल्या. डायक्लोफेनॅकचं पान मात्र पाठ झालं. ते मेडिकलमध्ये नुसतं मागितलं की मिळतं, आणि उसाच्या दिवसांत तात्या रोज एक घ्यायचे. अशा वेदनाशामकांनी बीपी वाढतं, शरीरात पाणी साठतं आणि हृदयविकाराचा धोकाही वाढतो. ज्यांना हृदयविकार आहे त्यांनी डायक्लोफेनॅक घेऊ नये, अशी सूचना युरोपच्या औषध नियामकानं २०१३ मध्येच केली होती. मला हे माहीत होतं. तरी कंबर धरून वाकडा झालेला माणूस समोर उभा राहिला की हात त्याच बाटलीकडं जातो, कारण तासाभरात आराम पडतो आणि दुसऱ्या दिवशी तो कामावर जाऊ शकतो. या प्रकरणात मला सगळ्यात जास्त बोचतं ते हेच.

तिसरी खूण अटॅकच्या आधीच्या पाच-सहा आठवड्यांतली. वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन नदीकडून वर चढताना तात्यांची छाती भरून यायची. भारा बांधावर टेकवून पाच मिनिटं बसलं की मोकळं व्हायचं. श्रम केले की येणारं आणि थांबलं की जाणारं छातीतलं दडपण म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याची जवळजवळ पुस्तकातली खूण. तात्यांनी ते बायकोला, म्हणजे काकूंना सांगितलं, काकूंनी मेडिकलमधून पित्ताच्या गोळ्या आणल्या. त्याच सुमारास माळावर तंबाखूचे शेंडे खुडायचं काम चाललं होतं. दव पडलेल्या ओल्या पानांतून निकोटीन कातडीतून आत जातं आणि मळमळ, चक्कर, धडधड होते. आमच्याकडं हे सगळ्यांना ठाऊक आहे, तंबाखू चढली म्हणतात. त्यामुळं तात्यांच्या धडधडीला आणि घामाला एक तयार कारण घरातच होतं.

ती रात्र

डिसेंबरचा दुसरा आठवडा, कडाक्याची थंडी. शेतीपंपाला थ्री फेज लाईट त्या आठवड्यात रात्रीची होती. तात्या दीड वाजता एकटेच मोटर चालू करायला नदीवर गेले.

२:१५ ला सऱ्यांत पाणी फिरवताना छातीच्या मधोमध दाबल्यासारखं झालं, डाव्या खांद्यातून कोपरापर्यंत ठणका गेला आणि त्या थंडीत अंगावरची बंडी घामानं भिजली. ते बांधावर बसले. गॅस सुटेल म्हणून तंबाखू मळली आणि बार भरला. निकोटीननं नाडी आणि बीपी दोन्ही वाढतात, आवळलेल्या रक्तवाहिन्या आणखी आवळतात. पण हे तात्यांना कुणी सांगितलं होतं? फोन खिशात होता, चार्जिंग संपलेलं. थोडं बरं वाटल्यावर मोटर बंद करून, खोरं खांद्यावर टाकून ते किलोमीटरभर चालत घरी आले.

३:०० ला घर. काकूंनी ओवा दिला, लिंबू-सोडा दिला, पाठीला तेल चोळलं. उलटी झाली, तेव्हा दोघांनाही हायसं वाटलं की पित्त पडलं. थोरला मुलगा वरच्या खोलीत झोपला होता. "दिवसभर ट्रॅक्टरवर असतो, कशाला उठवायचा," म्हणून त्याला पाऊण तास उठवलं नाही.

३:४५ ला मुलाचा मला फोन आला. मी ४:०५ ला पोचलो. तात्या भिंतीला टेकून बसलेले, चेहरा राखेसारखा, कपाळाला हात लावला तर गार. बीपी १००/७०, नाडी १०४.

"काय न्हाई वो डॉक्टर, पित्त झालंय. एक इंजेक्शन द्या, सकाळी ऊसतोड हाय."

निर्णयाच्या जागा

तात्यांनी मागितलं त्या इंजेक्शनपासूनच पहिला निर्णय सुरू झाला. घरचे सगळे तेच म्हणत होते, आणि गावात डॉक्टरनं इंजेक्शन दिलं नाही तर त्यानं काही केलंच नाही असं धरतात. मी कमरेत काहीही टोचलं नाही. हार्ट अटॅकची शंका असताना स्नायूत इंजेक्शन देऊ नये, कारण पुढं रक्ताची गुठळी विरघळवायचं औषध द्यावं लागलं तर टोचलेल्या जागी आत रक्तस्राव होऊन मोठी गाठ धरू शकते. जिभेखाली ठेवायची गोळीही दिली नाही. बीपी १०० वर आलेलं होतं, ते आणखी कोसळलं असतं. रक्त गोठू नये म्हणून ॲस्पिरिन ३०० मिलिग्रॅम चावून खायला लावलं, क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉलच्या ॲटोरव्हास्टॅटिनचा पहिला डोस दिला.

दुसरा निर्णय ईसीजीचा. यंत्र माझ्या दवाखान्यात, तीनशे मीटरवर. तिथं जाऊन ईसीजी काढायचा म्हणजे दहा-पंधरा मिनिटं जाणार. आधी थेट गाडीत घालून पाठवावं असं वाटलं. पण पाठवायचं कुठं, हे ठरवायला ईसीजीच लागणार होता. मुलाला सांगून शेजाऱ्याची बोलेरो दारात आणवली, तात्यांना एक पाऊलही चालू न देता खुर्चीसकट उचलून नेलं आणि ४:२० ला पट्टी हातात आली. छातीवरच्या पहिल्या चार तारांत रेषेतला 'एसटी' म्हणतात तो भाग ताठ उचललेला. हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त नेणारी मुख्य वाहिनी बंद पडली होती.

पुढची पंचवीस मिनिटं मला आजही सलतात. दवाखान्याच्या पायरीवर आठ-नऊ माणसं जमली आणि तात्यांना कुठं न्यायचं यावर बोलणं सुरू झालं.

मेव्हण्यांचं म्हणणं कोल्हापूर. हायवेला लागलं की कोगनोळी नाका ओलांडून तासाभरात पोचतो, पाहुणे तिथं आहेत, सगळे मराठी बोलतात. बाळंतपणापासून हाडमोडीपर्यंत गावाचा पाय तिकडंच वळतो. पुतण्याचं म्हणणं बेळगाव. अंतर दुपटीच्या जवळ, दीड तास तरी, पण आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकचं कार्ड तिथं चालणार. बीपीएल घराला त्यात वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. कुणीतरी म्हणालं, महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले योजना जाहीर केली आहे, कोल्हापुरातही फुकट होईल. त्यासाठी कोणता कागद लागतो, आपलं गाव त्या यादीत आहे का, पहाटे साडेचारला ते कुणाला विचारायचं, याचं उत्तर त्या पायरीवर कुणाकडंच नव्हतं. एक म्हातारं माणूस म्हणालं, "उजाडू द्या, मग बघू."

चौथा पर्याय कुणाच्याच तोंडी नव्हता: तालुक्याचं सरकारी रुग्णालय, गाडीनं पंचवीस मिनिटं. तिथं अँजिओप्लास्टी (बंद वाहिनी आतून फुग्यानं उघडणं) होत नाही, म्हणून लोकांच्या हिशेबात ते येतच नव्हतं. पण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता आलं तर बंद वाहिनी तिथंच उघडू शकते. अभिनेते पुनीत राजकुमार २०२१ मध्ये वयाच्या अवघ्या ४६ व्या वर्षी हृदयविकारानं गेले. त्यांच्या नावानं कर्नाटकानं २०२३ मध्ये हृदय ज्योती योजना सुरू केली, ती याच कामासाठी. लहान रुग्णालयात ईसीजी काढायचा, तो मोठ्या केंद्रातल्या हृदयतज्ज्ञांना पाठवायचा आणि त्यांनी होकार दिला की टेनेक्टेप्लेजचं महागडं इंजेक्शन जागेवरच मोफत द्यायचं.

हिशेब साधा होता. कोल्हापूर काय, बेळगाव काय, गाडीचा वेळ, केसपेपर आणि कॅथलॅब (अँजिओप्लास्टीची खोली) तयार होईपर्यंतचा वेळ धरला तर वाहिनी उघडायला सहा-साडेसहा वाजले असते, बेळगावला सात. अँजिओप्लास्टी दोन तासांच्या आत होणार असेल तर तीच उत्तम, हे खरं. पण त्या दोन तासांची खात्री देणारं त्या पहाटे कुणीच नव्हतं. हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतो. मी तालुक्याच्या रुग्णालयात ड्यूटीवरच्या डॉक्टरांना फोन केला आणि दोनच प्रश्न विचारले: इंजेक्शन शिल्लक आहे का, आणि द्यायला तुम्ही आहात का. दोन्हीला हो मिळालं. पट्टीचा फोटो त्यांना पाठवला.

मग मेव्हण्यांना बाजूला घेतलं. "अण्णा, बेळगाव-कोल्हापूर नंतर ठरवू. आधी बंद पडलेली नळी उघडू या." ते गप्प राहिले, मग स्वतःच गाडीत पुढं जाऊन बसले. ४:४५ ला गाडी हलली. मी मागं तात्यांच्या शेजारी बसलो. नाडी कधीही थांबू शकते, ही भीती माझ्या मनात होती, पण ती गाडीत कुणाला सांगितली नाही.

काय केलं गेलं

५:१० ला रुग्णालय. तिथं आधी विचारपूस झाली: पूर्वी कधी अर्धांगवायू झाला होता का, अलीकडं ऑपरेशन, डोक्याला मार, संडासातून रक्त. सगळ्याला नाही. "कुठं इंजेक्शन टोचलंय का?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मुलानं माझ्याकडं पाहिलं. ५:३५ ला टेनेक्टेप्लेज शिरेतून गेलं. कळ सुरू झाल्यापासून ३ तास २० मिनिटं झाली होती. त्यातली रुग्णालयातली २५, दवाखान्याच्या पायरीवरची २५, आणि बांधावर, वाटेवर, घरात गेलेला दीड तास.

सातच्या सुमाराला छातीतलं दडपण उतरलं, ईसीजीतला उचललेला भाग निम्म्याहून खाली आला. तिथून रुग्णवाहिकेनं बेळगाव. सरकारी रुग्णालयातूनच पुढं पाठवल्यामुळं योजनेच्या रेफरलसाठी वेगळी धावपळ करावी लागली नाही. दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी झाली. मुख्य वाहिनीत ९० टक्के अडथळा शिल्लक होता, एक स्टेंट, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसला. हृदयाची पंपिंग क्षमता ४० टक्के भरली. निरोगी माणसाची ५५ च्या वर असते.

घरी आल्यावर वेगळाच पेच उभा राहिला. डिस्चार्जचा कागद इंग्रजीत, सोबतचं पथ्याचं पत्रक कन्नडमध्ये. तात्या सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेले, काकूंना सहीपुरतं लिहिता येतं. कन्नड वाचता येतं ते फक्त सुनेला. ती गोकाककडची, तीन वर्षांपूर्वी या घरात आलेली. तिनं ते पत्रक ओळ न् ओळ वाचून मराठीत सांगितलं आणि मुलाच्या जुन्या वहीच्या पानावर उतरवलं. गोळीपुढं सकाळसाठी सूर्य, रात्रीसाठी चंद्र काढला. त्या घरातलं औषधाचं काम त्या दिवसापासून तिच्याकडं गेलं आणि सासऱ्याला "मामा, तंबाखू थुंका" असं तोंडावर म्हणायचा अधिकारही.

तिसऱ्या महिन्यातला घसरडा टप्पा

मार्चमध्ये तात्या हाताला फडकं गुंडाळून आले. वैरण कापताना विळा लागला होता आणि रक्त थांबेना. अंगठ्याच्या बाजूला दोन इंच जखम, काळजी करण्यासारखी नव्हती, दाबून धरल्यावर पंधरा मिनिटांत थांबली. पण त्यांनी खिशातून गोळ्यांची दोन पाकिटं काढून टेबलावर ठेवली. "ह्या दोन बंद केल्यात आठ दिसांपासनं. रगात पातळ करत्यात म्हणं. शेतात रोज कुठंतरी लागतंय, असं रगात वाहिलं तर मरीन की."

त्या दोन गोळ्या ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. स्टेंट बसवल्यावर साधारण वर्षभर दोन्ही चालू ठेवाव्या लागतात. मधेच थांबवल्या तर स्टेंटमध्येच गुठळी धरून दुसरा, पहिल्यापेक्षा वाईट अटॅक येऊ शकतो. मी रागावलो नाही. त्यांची भीती खोटी नव्हती, हातानं काम करणाऱ्या माणसाची ती रास्त भीती आहे. शहरातल्या खुर्चीत बसणाऱ्याला रक्त पातळ होणं म्हणजे दाढी करताना जरा जपणं. तात्यांसाठी ते विळा, कोयता, उसाच्या पात्यांच्या धारा आणि म्हशीचं शिंग. डिस्चार्जच्या वेळी कुणीही त्यांना हे सांगितलं नव्हतं: लागलं तर स्वच्छ फडक्यानं घट्ट दाबून हात वर धरा, दहा-पंधरा मिनिटं उघडून बघू नका, तरी थांबलं नाही तर दवाखाना गाठा, पण गोळी थांबवू नका. मी तो दाब त्यांच्याच हातावर त्यांच्याकडूनच देऊन घेतला.

गोळी चुकू नये म्हणून बऱ्याच युक्त्या केल्या आणि त्या फसल्या. फोनचा गजर ते बंद करायचे. देवघरात ठेवल्या तर आंघोळ चुकली की गोळी चुकली. शेवटी सुनेनं डबी दुधाच्या कॅनशेजारच्या खुंटीला टांगली. शेतकऱ्याचं जेवण पुढं-मागं होतं, झोपेचं तर विचारूच नका, पण डेअरीची वेळ सहसा चुकत नाही. सकाळचं दूध, सकाळच्या गोळ्या. संध्याकाळचं दूध, संध्याकाळच्या गोळ्या.

तंबाखूची लढाई अजून चालू आहे. स्वतःच्या माळावर पिकतं ते सोडायचं, हे बोलायला सोपं. निपाणी भागात तंबाखूच्या पैशावर घरं उभी राहिली आहेत. १९८१ च्या तंबाखू आंदोलनात तात्यांचे वडील हायवेवर बसले होते. त्या पिकाबद्दल वाईट बोलून या घरात शिरता येत नाही. मी पीक आणि बार या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. सकाळचा पहिला बार आधी तोडायचा, त्या जागी २ मिलिग्रॅमचं निकोटीनचं च्युइंग गम, तेही अटॅकनंतरचे दोन आठवडे गेल्यावर. दर चार-पाच दिवसांनी एक बार कमी. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर मुलानं फोन लावून दिला. दहा बारांवरून तात्या दोनावर आले आहेत. शून्य झालेलं नाही, तसं लिहिलं तर ते खोटं ठरेल.

परिणाम

नऊ महिन्यांनंतर तात्यांचं बीपी १२८/८० च्या आसपास राहतं. पंपिंग क्षमता ४८ टक्क्यांवर आली. ते वैरण कापतात, धार काढतात, डोक्यावर भारा घेत नाहीत. भाऱ्याला छोटी ढकलगाडी केली आहे. डायक्लोफेनॅक पूर्ण बंद. कंबर दुखली तर पॅरासिटामॉल, शेक आणि भारा न उचलणं. हृदयात मेलेला स्नायू मात्र परत येत नाही. दीड तास आधी वाहिनी उघडली असती तर आकडा कुठं असता हे तात्यांच्या बाबतीत मला सांगता येणार नाही, पण तो याहून चांगला असता असं मला ठामपणे वाटतं.

पुन्हा करायचं झालं तर

कंबरदुखीच्या दिवशीच मी वेगळं वागायला हवं होतं. आता माझ्याकडं बीपीची वेगळी वही आहे. महिन्यानं न आलेल्या माणसाला कंपाउंडर फोन करतो. तिशीच्या वरच्या प्रत्येकाला वडिलांचं-भावाचं विचारतो. आणि बीपी मोजल्याशिवाय वेदनाशामक टोचत नाही. याचा धंद्यावर परिणाम होतो, काही लोक दुसरीकडं जातात. जाऊ देत.

राबणाऱ्याला हार्टचा धोका नाही, हे मी स्वतःही सोडून दिलं. कोपनहेगनमधल्या एक लाखाहून अधिक लोकांच्या पाहणीत २०२१ मध्ये असं दिसलं की फावल्या वेळात केलेला व्यायाम हृदयाला तारतो, पण पोटासाठी केलेली जड अंगमेहनत तसं करत नाही, उलट धोका थोडा वाढलेलाच दिसतो. डेन्मार्कचे कामगार आणि वेदगंगेकाठचा शेतकरी एक नव्हेत, हे मान्य. पण झोप मोडून रात्री दीड वाजता थंडीत पाणी पाजायला जाणं, उपाशीपोटी पन्नास किलो उचलणं आणि तंबाखूवर दिवस काढणं, याला व्यायाम म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

कुठं न्यायचं हे रात्री पायरीवर ठरू नये, दिवसा ठरावं. सीमाभागात हा प्रश्न जास्त अवघड आहे, कारण आपल्याला दोन राज्यांचे रस्ते, दोन योजना आणि दोन भाषा. पर्याय जास्त आहेत, म्हणूनच वेळ जास्त जातो. तात्यांच्या दाराच्या आतल्या बाजूला आता एक कागद चिकटवला आहे. छातीत दाबल्यासारखं, घाम, हात किंवा जबडा दुखणं, पंधरा मिनिटांत न थांबणारं: पित्त म्हणून बसू नका, मुलाला उठवा. खाली १०८, तालुक्याच्या रुग्णालयाचा नंबर, शेजाऱ्याच्या गाडीचा नंबर. आरोग्य कार्डाची झेरॉक्स त्याच कागदामागं. गावात आणखी काही घरांनी तो उतरवून नेला.

रात्रीच्या पाण्याचं काय करायचं, याचं पूर्ण उत्तर माझ्याकडं नाही. लाईट दिवसा मिळाली तर बरंच सुटेल, पण ते माझ्या हातात नाही. नदीकडच्या वळणातल्या सहा-सात जणांनी एवढं ठरवलं आहे की रात्री कुणी एकट्यानं जायचं नाही आणि फोन चार्ज केल्याशिवाय घर सोडायचं नाही.

सगळ्यात उपयोगी पडली ती डेअरी. दर दहा दिवसांनी दुधाचं बिल मिळतं आणि त्या दिवशी एरवी दवाखान्याची पायरी न चढणारे शेतकरी आपणहून रांगेत उभे राहतात. फॅटच्या यंत्राशेजारी आम्ही एक टेबल टाकलं, त्यावर बीपीचं यंत्र. मोजलेला आकडा दुधाच्या कार्डाच्या मागं लिहितो, म्हणजे तो ऊसबिलाच्या पिशवीत चार घड्या घालून झोपत नाही, पुढच्या बिलाला पुन्हा समोर येतो. १४०/९० च्या वर दोनदा आलं की केसपेपर. गोळी सरकारी उपकेंद्रात मिळते, नाहीतर माझ्याकडून. टेबलावर बहुतेक वेळा तात्याच बसलेले असतात. यंत्राचा पट्टा बांधायला ते शिकले आहेत. आकडा वर आला की ते काही समजावत बसत नाहीत, शर्टाच्या खिशातून स्वतःची डबी काढून दाखवतात.

त्यांचा धाकटा भाऊ ४६ वर्षांचा आहे, गुऱ्हाळावर काम करतो, विडी ओढतो. बाप ५३ व्या वर्षी गेलेला, थोरल्याला ५२ व्या वर्षी अटॅक आलेला. त्याचं बीपी आजवर कुणीच मोजलेलं नाही, दोनदा निरोप धाडूनही तो आला नाही. येत्या गुरुवारी बिल आहे. तात्या म्हणालेत, त्याचं दुधाचं कार्ड मी माझ्याकडंच ठेवून घेतलंय, बिल पाहिजे असंल तर यावंच लागंल.